विश्लेषण : मऊ माती दगड कशी होते? ‘लॅटेराइट’ला नाव देणाऱ्या फ्रान्सिस बुकानन यांची गोष्ट

कोकणात आणि गोव्यात ज्याला जांभा म्हणतात, त्याला जगभरच्या पुस्तकांत लॅटेराइट म्हणतात. हे नाव एका स्कॉटिश डॉक्टरने दिले. १८०० सालच्या डिसेंबरमध्ये मलबारमधून प्रवास करताना त्यांनी पाहिले, की जमिनीतून काढताना कुऱ्हाडीने कापता येणारी ही लाल माती काही काळ उघड्यावर ठेवली की विटेसारखी टणक होते. हे का होते, ते त्यांना सांगता आले नाही. त्याचे उत्तर मातीच्या अतिसूक्ष्म कणांच्या स्वभावात आहे आणि ते उलगडायला पुढची दीडशे वर्षे लागली.

कोण होते फ्रान्सिस बुकानन?

बुकानन यांचा जन्म १७६२ मध्ये स्कॉटलंडमधील कॅलँडर परिसरात झाला. एडिंबरा विद्यापीठातून १७८३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्या काळी औषधे बहुतांशी वनस्पतींपासून बनत, त्यामुळे डॉक्टरला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. बुकानन यांना जॉन होप यांच्यासारखे नामांकित शिक्षक लाभले आणि वैद्यकापेक्षा या विषयाचीच गोडी त्यांना अधिक लागली. काही वर्षे जहाजांवर शल्यवैद्य म्हणून काढल्यावर, मध्ये प्रकृतीच्या तक्रारीही सोसून, १७९४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

डॉक्टर म्हणून त्यांची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही. कंपनीला त्यांचा दुसराच गुण उपयोगी पडला. जिथे पाठवाल तिथे जायचे, जे दिसेल ते पाहायचे, लोकांना विचारायचे आणि रोजच्या रोज लिहून ठेवायचे. १७९५ मध्ये मायकेल साइम्स यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते ब्रह्मदेशातील आवाच्या दरबारी गेले आणि वनस्पतींचे नमुने घेऊन परतले. १७९८ मध्ये मसाल्याची लागवड कुठे करता येईल, हे पाहण्यासाठी चितगावच्या डोंगराळ मुलखात हिंडले.

म्हैसूरची मोहीम कशासाठी?

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान मारला गेला आणि मोठा मुलूख इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आला. मुलूख हाती आला, तरी तिथे काय पिकते, जमीन कशी आहे, गुरेढोरे किती, खाणी कुठे, विणकर काय विणतात, याची नीट माहिती कंपनीकडे नव्हती. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी हे काम बुकानन यांच्याकडे दिले. एप्रिल १८०० मध्ये ते मद्रासहून निघाले. म्हैसूर, कोइमतूर, मलबार, कानडा असा फेरा घालून जुलै १८०१ मध्ये ते मद्रासला परतले.

हेतू उघड होता. सारा किती बसवता येईल आणि व्यापाराला काय मिळेल, हे कंपनीला हवे होते. बुकानन यांच्या लेखनातही राज्यकर्त्याचा ताठा जागोजागी दिसतो. माहिती देणाऱ्यांवर ते सहज अविश्वास दाखवतात आणि काही समाजांविषयीचे त्यांचे शेरे आज वाचवत नाहीत. तरीही दक्षिण भारताच्या शेतीचा अभ्यास करणाऱ्याला त्यांना टाळून पुढे जाता येत नाही, कारण त्यांनी गावोगावी शेतकऱ्यालाच त्याच्या जमिनीबद्दल विचारले. काळी, तांबडी, वाळूसरट ही शेतकऱ्यांची स्वतःची वर्गवारी, कोणत्या जमिनीत काय पेरतात, किती बी लागते आणि किती परत येते, हे सारे त्यांनी रोजनिशीत उतरवले.

या रोजनिशीचे तीन खंड १८०७ मध्ये लंडनला छापले गेले. वाचायला ते कंटाळवाणे आहेत, हे मान्य करायला हवे. आजचा मुक्काम, उद्याचा मुक्काम, मधले भात आणि मधली झाडे, असेच पानामागून पान चालते. दुसऱ्या खंडातील त्या एका नोंदीपाशी मात्र भूशास्त्राचा अभ्यासक आजही थांबतो.

अंगाडिपुरमला त्यांनी काय पाहिले?

आजच्या केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात अंगाडिपुरम आहे. तिथल्या खाणींत लोक जमिनीतून चौकोनी ठोकळे कापत होते. या थराला पापुद्रे नव्हते. ग्रॅनाइटच्या वर त्याचा एकसंध, अजस्र गठ्ठा पसरलेला होता. त्यात असंख्य पोकळ्या आणि छिद्रे होती, लाल व पिवळ्या गेरूच्या रूपात भरपूर लोह होते. आतला, हवा न लागलेला भाग इतका मऊ, की लोखंडाच्या कुठल्याही हत्याराने तो सहज कापला जाई. म्हणून कामगार तो कापल्या कापल्या हव्या त्या आकारात तासून घेत. थोडे दिवस गेले, की तोच ठोकळा पाऊसवाऱ्याला विटेपेक्षाही चांगला टिके.

तिथल्या भाषांमध्ये त्याला विटेचा दगड अशा अर्थाचे नाव होते. बुकानन यांनी ते इटिका कल्लू असे लिहून घेतले. त्यातल्या इटिकाचे मूळ आणि आपल्या मराठी विटेचे मूळ एकच, संस्कृत इष्टिका. शास्त्रीय नाव देताना त्यांनी वेगळी कल्पना लढवली नाही. लॅटिनमध्ये विटेला लेटर म्हणतात, त्यावरून त्यांनी लॅटेराइट केले. म्हणजे जगाने स्वीकारलेले हे नाव मलबारच्या खाणकामगारांच्या नावाचेच भाषांतर आहे. आपण रचना, रंग किंवा खनिज पाहून दगडाला नाव देतो. इथे नाव पडले ते माणूस त्याचे काय करतो त्यावरून.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. खाणीतून नुकताच निघालेला चिरा ओलसर आणि तासायला सोपा असतो, आणि उन्हावाऱ्यात राहिलेला चिरा हत्याराला दाद देत नाही. बुकानन स्वतः किनाऱ्याने उत्तरेकडे कानड्यात गेले, पण कंपनीचे काम तिथपर्यंतच असल्याने पुढचा कोकण त्यांच्या रोजनिशीत आला नाही.

कण एकमेकांना धरतात कसे?

बुकानन यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता आणि रसायनशास्त्रही बाल्यावस्थेत होते. त्यांनी लोह आहे हे ओळखले, घट्टपणा येतो हे नोंदवले आणि तिथेच थांबले. अंदाजाचे इमले बांधले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

उत्तराची सुरुवात पावसापासून होते. उष्ण प्रदेशात लाखो वर्षे जोरदार पाऊस पडत राहिला, की खडकातले विरघळणारे पदार्थ वाहून जातात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी जातात आणि पुढे बरीचशी सिलिकाही जाते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाची साधी चिकणमाती. माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सेशेल्स बेटांवरच्या लॅटेराइटचे विश्लेषण करून त्यात सिलिका किती कमी आणि ॲल्युमिनियम किती जास्त आहे, ते दाखवले. १९०३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड यांनी भारतातील लॅटेराइटवर लिहिले.

आता कणांकडे पाहू. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. एवढ्या लहान कणाला वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार जास्त नाचवतो. केओलिनाइटच्या पत्र्यांवर थोडा ऋण भार असतो. लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे तसे नाही. त्यांचा भार जमिनीच्या सामूवर, म्हणजे आम्ल-विम्लतेवर ठरतो. सामू साधारण ७ ते ९ च्या दरम्यान एका ठराविक बिंदूला असेल तर त्यांच्यावर भारच उरत नाही. त्याखाली, म्हणजे आम्ल जमिनीत, त्यांच्यावर धन भार येतो.

जांभी जमीन बहुधा आम्लच असते. म्हणजे धन भाराची ऑक्साइडे आणि ऋण भाराचे केओलिनाइट शेजारी शेजारी असतात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि कण चिकटतात. त्यांचे गुच्छ होतात, गुच्छांचे बारीक रवे होतात. हे रवे पाण्यातही सहसा मोडत नाहीत. म्हणून पुष्कळ लाल मातीत निम्म्याहून अधिक चिकण असूनही ती हाताला वाळूसारखी रवाळ लागते आणि पाणीही वाळूसारखेच खाली सोडते. रत्नागिरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कातळावरच्या वाड्यांना टँकरची वाट का पाहावी लागते, त्याचे एक कारण इथे आहे. रवाळ माती आणि खाली सच्छिद्र जांभा यांतून पाणी निसटून जाते.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीशी तुलना केली की फरक चटकन कळतो. काळ्या मातीतल्या चिकणीवर ऋण भार खूप असतो आणि तो सामूवर फारसा अवलंबून नसतो. ती पाणी धरते, फुगते, वाळली की भेगा पाडते. तिचे कण कॅल्शियम एकत्र धरून ठेवते. कॅल्शियमच्या जागी सोडियम आला की कण सुटतात, भोके बुजतात आणि जमीन चोपण होते.

हे झाले चिकटण्याबद्दल. जांभ्याचा दगड होण्यासाठी आणखी एक पायरी लागते. पावसाळ्यात भूजल वर येते. पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या जागी लोह विरघळणाऱ्या रूपात जाते आणि थोडे इकडेतिकडे सरकते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, हवा शिरली, की तेच लोह ऑक्साइड होऊन कणांच्या मधल्या फटींत जमते. असे हजारो हंगाम होतात. जमिनीखाली ओल टिकून असते तोवर हे जाळे मऊ राहते. खाण उघडली, ऊन लागले, माती पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली, की लोहाच्या ऑक्साइडांतले पाणी निघून जाते, स्फटिक वाढतात आणि ते एकमेकांत अडकून सलग सांगाडा बनवतात. मग कितीही भिजवले तरी तो मऊ होत नाही. बुकानन यांनी पाहिलेला चमत्कार तो हा.

मग कण सुटतात केव्हा?

चिकटण्यासाठी विरुद्ध भार लागतो. तो नाहीसा केला की कण सुटतात. प्रयोगशाळेत हे मुद्दाम केले जाते. मातीत चिकण किती, पोयटा किती आणि वाळू किती हे मोजण्यासाठी ती पाण्यात घुसळतात आणि सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालतात. फॉस्फेट ऑक्साइडांच्या पृष्ठभागाला चिकटते, त्यांचा धन भार घालवते आणि सगळेच कण ऋण भाराचे होऊन एकमेकांना दूर ढकलू लागतात. पाणी गढूळ होते आणि तासन्‌तास निवळत नाही. लाल मातीत हे काम चिवट असते. रवे पूर्ण मोडले नाहीत तर अहवालात चिकण कमी आणि वाळू जास्त दिसते. तेवढ्या कागदावर शेतकऱ्याला सल्ला दिला तर तो चुकतो.

शेतात हीच गोष्ट नकळत होऊ शकते. आम्ल जमीन सुधारण्यासाठी चुना घालतात, त्याने सामू वाढतो. पिकाच्या दृष्टीने ते योग्यच, कारण ॲल्युमिनियमची विषारी मात्रा कमी होते. पण सामू वाढला, की ऑक्साइडांचा धन भार घटतो. ब्राझीलमधील अशा लाल जमिनींवर चुना टाकल्यानंतर चिकण सुटी होऊन पाण्यात जाण्याचे प्रमाण वाढल्याचे आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावल्याचे दिसले आहे. जिप्सममध्ये ही अडचण कमी. तो सामू वाढवत नाही, आणि त्यातून पाण्यात उतरणारे क्षार कणांना एकत्र ठेवायला मदत करतात. याचा अर्थ चुना टाकूच नये असा नाही. चुन्याने पीक जोमाने वाढते, मुळे आणि पालापाचोळा वाढतो, आणि काही वर्षांत हे सेंद्रिय द्रव्यच मातीला पुन्हा बांधते. मधला काळ उताराच्या, उघड्या शेतावर आला तर मात्र माती जाते.

स्फुरदाचेही असेच. जांभ्या जमिनीत टाकलेले स्फुरद ऑक्साइडांना इतके घट्ट चिकटते, की पिकाला त्यातले थोडेच मिळते. खताच्या पोत्याचा मोठा हिस्सा जमिनीतच अडकतो, हे कोकणातल्या बागायतदाराला अनुभवाने ठाऊक असते.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून उघड्या मातीवर पडणारा पहिला जोरदार पाऊस कण सुटायला पोषक ठरतो. थेंबाचा मार रवे फोडतो आणि सुटलेली चिकण ओहोळाला लाल करते. हेच पाणी खाडीत शिरून समुद्राच्या खारेपणाला भेटले, की कण पुन्हा गोळा होऊन तळाशी बसतात.

नावाचा घोळ कसा झाला?

बुकानन यांनी नाव दिले होते एका विशिष्ट पदार्थाला, जो मऊ कापता येतो आणि उघड्यावर टणक होतो. पुढच्या शंभर वर्षांत हे नाव ताणले गेले. आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, जिथे तांबडी माती दिसेल तिथे लॅटेराइट. काहींनी आधीच टणक झालेल्या कवचालाही तेच म्हटले, काहींनी रासायनिक प्रमाणावरून व्याख्या केली.

हा घोळ निव्वळ शब्दांचा राहिला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अशी भीती पसरली होती, की उष्ण कटिबंधातले जंगल तोडले की तिथली सगळी जमीन विटेसारखी भाजून निघेल. प्रत्यक्षात कायमची टणक होणारी माती या प्रदेशाच्या थोड्याच भागात आहे. उरलेल्या बहुतेक लाल जमिनींचा धोका वेगळा आहे, धूप आणि अन्नद्रव्यांची गळती. अखेरीस अमेरिकी मृदावर्गीकरणाने लॅटेराइट हा शब्दच बाजूला ठेवला. जीर्ण लाल जमिनींना त्यांनी ऑक्सिसोल म्हटले आणि उघड्यावर टणक होणाऱ्या थराला प्लिंथाइट. हे नाव ग्रीक प्लिंथॉसवरून घेतले, आणि त्याचाही अर्थ वीटच.

बुकानन यांचे पुढे काय झाले?

म्हैसूरनंतर ते १८०२ मध्ये कॅप्टन नॉक्स यांच्याबरोबर नेपाळला गेले. पुढे वेलस्ली यांचे शल्यवैद्य म्हणून कलकत्त्यात राहिले आणि बराकपूरच्या प्राणिसंग्रहाचे काम पाहिले. १८०७ पासून १८१४ पर्यंतची सात वर्षे बंगाल-बिहारच्या पाहणीत गेली. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, शहाबाद, गोरखपूर असा जिल्ह्यामागून जिल्हा त्यांनी पायाखाली घातला. १८१४ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख झाले, पण वर्षभरातच मायदेशी निघाले.

निघताना त्यांना सर्वात मोठा धक्का बसला. वनस्पती आणि मासे यांची जी चित्रे त्यांनी स्थानिक चित्रकारांकडून करून घेतली होती, ती सोबत नेण्यास सरकारने नकार दिला. कंपनीच्या पैशातून झालेले काम कंपनीचे, असा हिशेब होता. तरीही १८२२ मध्ये त्यांनी गंगेच्या माशांवरचा ग्रंथ एडिंबरात प्रसिद्ध केला. त्यात २६० हून अधिक जातींचे वर्णन आहे. रोहू, कटला, हिलसा यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही हॅमिल्टन, १८२२ असे लिहितात. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या इवल्याशा झेब्रा माशाच्या नावापुढेही तेच.

हॅमिल्टन म्हणजे तेच. आईकडची इस्टेट वारशाने मिळाल्यावर त्यांनी आईच्या घराण्याचे नाव घेतले. त्यामुळे मातीच्या पुस्तकात ते बुकानन आणि माशांच्या पुस्तकात हॅमिल्टन असतात, आणि दोन्ही एकच माणूस आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१८२९ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचा मृत्यू झाला. बंगाल-बिहारच्या पाहणीचे अहवाल तोवर कंपनीच्या दप्तरातच पडून होते. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन यांनी ते काटछाट करून तीन खंडांत छापले, तेव्हा शीर्षकपानावर बुकानन यांचे नावही नव्हते. अंगाडिपुरमला मात्र ते आहे. लॅटेराइटवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तिथे स्मारक उभारले, आणि ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत आहे.